आमच्या घरचा षण्मुख

घरांतील जुनी वस्तु ठेवावी कीं टाकावी, हा प्रश्न एकत्र कुटुंबांत केवळ वस्तूचा कधींच नसतो. पितळेचें तपेलें मोडींत घालावयाचें म्हटलें, तरी तें कोणाच्या लग्नांत आलें, त्यांत कोणत्या वर्षीं किती माणसांचा भात शिजला, येथपर्यंत बोलणें जातें. आणि शेवटीं तपेलें माळ्यावर जातें. आमच्या घरीं गेल्या मार्गशीर्षांत असाच प्रश्न एका विजेच्या यंत्राविषयीं निघाला. चाळीस वर्षें मुलांस पाढे व शुद्धलेखन आणि सुटींत संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या मजसारख्या मॅट्रिक झालेल्या मास्तरावर, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, त्या निमित्तानें ध्वनिशास्त्राचा अभ्यास करण्याची पाळी आली. वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असेंच एखादें यंत्र धूळ खात पडलें असेल, तर त्यांस उपयोगीं पडावें म्हणून तो सारा प्रकार येथें सांगतों. त्यांत माझ्या एका जुन्या चुकीचीहि कबुली आहे. ती वगळून सांगतां आलें असतें, पण मग सांगण्यांत अर्थ राहिला नसता.

तें यंत्र म्हणजे माझ्या वडील बंधूंनीं घेतलेला होम थिएटरचा रिसीव्हर. ज्यांस हा प्रकार ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगावयाचें तर, हा आवाजाचा कारभारी होय. चकतीवरील आवाज एका बाजूनें घ्यावयाचा, त्याची फोड करावयाची, आणि खोलींत मांडलेल्या पांच स्पीकरांस (तीन पुढें, दोन मागें) ज्याचा त्याचा वांटा बळ वाढवून पोंचता करावयाचा. शिवाय मेघगर्जनेसारखे अगदीं खालचे आवाज सबवूफर नांवाच्या सहाव्या पेटीकडे धाडावयाचे, हें त्याचें काम. पांच पूर्ण वांटे आणि हा सहावा अपुरा वांटा, म्हणून या पद्धतीस ‘५.१’ असें म्हणतात.

दादा मजहून अकरा वर्षांनीं मोठे. वडिलांपाशीं माझें थोडेंबहुत संस्कृत झालें. ते गेल्यावर माझी मॅट्रिकची फी दादांनीं भरली, आणि त्या सालीं स्वतःच्या पायांत नवी वहाण घेतली नाहीं. २००५ सालीं ते बँकेंतून सेवानिवृत्त झाले. त्याच पावसाळ्यांत कृष्णेला मोठा पूर आला आणि सांगलीच्या गांवभागांतील आमच्या घराच्या खालच्या मजल्यांत पाणी शिरलें. पूर ओसरला, चिखल काढला, पण भिंती मात्र ओल्याच राहिल्या. अशांत दिवाळीच्या आधीं दादा पुण्यास गेले आणि सत्तावीस हजार रुपये देऊन हा रिसीव्हर व सहा स्पीकर घेऊन आले. पैसे त्यांच्या स्वतःच्या ग्रॅच्युइटीचे होते. जन्मभर रेडिओवर गाणें ऐकलेला तो मनुष्य. एकदां तरी सभागृहांत बसल्यासारखें ऐकावें, एवढीच त्यांची हौस. पण मी, घरांतील सर्वांदेखत, त्यांस म्हणालों, “दादा, भिंतींचा गिलावा अजून ओला आहे, आणि तुम्ही आवाज विकत घेऊन आलांत?” त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. स्पीकरांचीं खोकीं उघडण्याचें काम खालीं मान घालून तसेंच चालूं ठेविलें.

त्यानंतर नऊ वर्षें तें यंत्र आमच्या दिवाणखान्यांत वाजत होतें. संध्याकाळीं मी खिडकीजवळच्या माझ्या आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत बसलेला असें. दादांनीं चकती लावली, कीं मी वर्तमानपत्राची घडी करून वरच्या मजल्यावर जाई. भांडण असें कधींच झालें नाहीं. मी फक्त उठून जात असें. २०१४ सालीं दादा गेले आणि वहिनींनीं यंत्रावर एक विणलेलें वस्त्र घातलें. २०१९ च्या श्रावणांत कृष्णा पुन्हां घरांत आली. त्या रात्रीं पाणी उंबऱ्याला लागलें असतां वहिनींनीं प्रथम देव वर नेले, आणि त्यांच्या मागोमाग, भांड्यांच्याहि आधीं, तो रिसीव्हर वर नेवविला. मीं तेव्हांहि मनांत म्हटलें, काय हा मोह! पण तोंडानें कांहीं बोललों नाहीं; एकदां बोलून चुकलों होतों, हें तोंवर कळूं लागलें होतें.

यंदा पुतण्यानें मोठा टी.व्ही. आणि ब्ल्यू-रे चकत्या वाजविणारा प्लेअर घेतला. त्याच्या मुलीनें कांहीं चकत्या आणल्या होत्या. त्यांपैकीं अरण्यावरील एक माहितीपट तिला आजीला दाखवावयाचा होता. त्यानें दादांचा रिसीव्हर खालीं आणला, ऑप्टिकल म्हणून जी प्रकाशावर चालणारी बारीक वायर असते ती जोडली, आणि आवाज आला. पण चकतीच्या वेष्टनावर ‘डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ’ असें छापलेलें, आणि रिसीव्हरच्या तोंडावर अक्षरें उमटलीं तीं नुसतीं ‘डीटीएस’ एवढींच. पुतण्यानें थोडी चौकशी केली आणि निकाल दिला, “काका, याला एचडीएमआय नाहीं. नवा उच्च दर्जाचा आवाज यांतून निघावयाचा नाहीं. नवीन घेऊं, आणि हा भंगारवाल्याला देऊं.” वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. त्यांनीं यंत्रावरचें वस्त्र पुन्हां नीट केलें आणि त्याचें एक टोंक यंत्राखालीं खोंचून टाकलें. तेवढ्यावरून मीं पुतण्यास म्हटलें, “मला आठ दिवस दे. मग काय तें ठरवूं.”

माहितीपुस्तक इंग्रजींत, आणि माझें इंग्रजी मॅट्रिकचें. पण एखाद्या कठीण ग्रंथाची टीका लावावी तसें पान पान लावूं लागलों, तेव्हां प्रथम हें उमगलें कीं पुतण्याचें म्हणणें अर्धेंच खरें आहे. तें कसें, तें सांगण्यापूर्वीं ‘उच्च दर्जाचा आवाज’ म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे.

चकतीवर आवाज आंकड्यांच्या रूपानें ठेवलेला असतो. १९८२ सालीं निघालेल्या साध्या सीडीवर एका सेकंदाच्या आवाजास ४४,१०० वेळां मोजतात. चित्रपटांच्या चकत्यांवर ही मोजणी बहुधा सेकंदास ४८,००० वेळां होते, आणि प्रत्येक माप २४ द्विमान अंकांनीं लिहितात. असे सहा मार्ग धरले तर ४८,००० गुणिले २४ गुणिले ६, म्हणजे सेकंदास ६९ लक्ष १२ हजार अंक झाले. जुन्या डीव्हीडीच्या चकतीवर एवढ्यांस जागा नव्हती. म्हणून डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस या पद्धतींनीं त्यांचा संक्षेप केला. डीव्हीडीवरील डॉल्बी डिजिटल पुष्कळदां सेकंदास ४ लक्ष ४८ हजार अंकांचें असतें; म्हणजे मुळाचा सुमारें पंधरावा हिस्सा! उरलेले चौदा हिस्से गेले कोठें? मोठ्या आवाजाच्या शेजारीं असलेला बारीक आवाज मनुष्याच्या कानास ऐकूं येत नाहीं, हें ताडून असे आवाज गाळून टाकावयाचे, ही त्यांतली युक्ति. संक्षेप मोठ्या कौशल्याचा खरा. पण गाळलेलें परत मिळत नाहीं. तो कथेचा सारांश होय. सारांशावरून मूळ कथा अक्षरशः लिहून काढतां येत नाहीं.

याहून निराळी एक संक्षेपाची रीत आहे, आणि संस्कृत शिकलेल्यांस ती नवी नाहीं. पाणिनीनें ‘अच्’ म्हटलें कीं सारे स्वर आले, ‘हल्’ म्हटलें कीं सारीं व्यंजनें आलीं. शब्द एवढासा, पण ज्यास चौदा माहेश्वर सूत्रें ठाऊक आहेत तो त्यांतून एकहि वर्ण न गमावतां सर्व वर्ण परत काढून दाखवितो. डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या ब्ल्यू-रे चकतीवरील पद्धती अशा प्रत्याहाराच्या जातीच्या आहेत. जागा कमी लागते, पण उलगडल्यावर मूळचे अंक जसेच्या तसे परत मिळतात. ब्ल्यू-रे चकती २००६ सालीं बाजारांत आली आणि तिच्यावर भरपूर जागा असल्यामुळें हें शक्य झालें.

आतां अडचण कोठें आहे पाहा. दादांचा रिसीव्हर २००५ चा. ब्ल्यू-रेची ही भाषा त्यास येत नाहीं; ती त्याच्या जन्मानंतर बाजारांत आली. ऑप्टिकल वायर तर त्याहूनहि जुन्या काळची, मुळांत दोन मार्गांचा आवाज नेण्यासाठीं केलेली. तिच्यांतून एक तर दोन मार्ग पूर्ण जातील, नाहीं तर सहा मार्ग सारांशरूपानें जातील; सहाहि मार्ग पूर्णपणें जाणार नाहींत. म्हणून प्लेअर शहाणपण करतो. डीटीएस-एचडीच्या पोटांत जुन्या डीटीएसचा एक गाभा ठेवलेला असतो, तो तेवढा काढून पाठवितो; ट्रूएचडीच्या सोबत चकतीवर जुनें डॉल्बी डिजिटलहि असतें, तें पाठवितो. म्हणून आमच्या रिसीव्हरवर नुसतीं ‘डीटीएस’ हीं अक्षरें दिसलीं. पुतण्या म्हणाला तें येथपर्यंत बरोबर.

पण रिसीव्हरच्या पाठीमागें विजेरी धरून पाहिलें तों एका ओळींत सहा भोंकें दिसलीं आणि वर लिहिलें होतें, ‘मल्टि चॅनेल इन’. माहितीपुस्तकांत त्याचा खुलासा मिळाला. १९९९ मध्यें सुपर ऑडिओ सीडी आणि २००० मध्यें डीव्हीडी-ऑडिओ या नांवाच्या संगीताच्या चकत्या निघाल्या. त्यांतील अंकांची नक्कल कोणी करूं नये म्हणून कंपन्या ते अंक अशा प्रकाशाच्या वायरींतून बाहेर पडूं देत नसत. तेव्हां प्लेअरनेंच आंत आवाजाची फोड करावी आणि तयार आवाज सहा निरनिराळ्या साध्या वायरींनीं रिसीव्हरकडे पाठवावा, अशी सोय त्या काळच्या चांगल्या यंत्रांत ठेवीत. त्या चकत्या फारशा चालल्या नाहींत, पण एका पाहुण्यासाठीं काढलेलें दार राहून गेलें, आणि त्या दारानें दुसरा पाहुणा येऊं शकत होता. रिसीव्हरला नवी भाषा येत नसेना का. प्लेअरला ती येत असेल व त्यास सहा वायरींचीं तोंडें असतील, तर भाषांतर करून झाल्यावर रिसीव्हरला केवळ आवाज वाढवावयाचा असतो. तें तर त्यास उत्तम येत होतें! त्या दिवसापासून मीं त्या यंत्राचें नांव षण्मुख ठेविलें.

पुतण्याच्या नव्या प्लेअरला मात्र असलीं सहा तोंडें नव्हतीं. हल्लींच्या बहुतेकांस नसतात. माझा एक जुना विद्यार्थी येथेंच टी.व्ही. दुरुस्तीचें दुकान चालवितो. त्याच्याकडे गेलों. तो हंसून म्हणाला, “गुरुजी, आजवर तुम्ही माझ्या वह्या तपासल्यात, आतां माझ्याकडून धडा घेणार?” पण त्यानें आठवड्याभरांत एका गिऱ्हाइकाचा जुना प्लेअर मिळवून दिला, साडेचार हजारांत, ट्रूएचडी व डीटीएस-एचडी या दोहोंची पूर्ण फोड आंत करणारा आणि पाठीमागें सहा तोंडें असलेला. दोन्ही पद्धतींची पूर्ण फोड होते ना, हें त्यानें मुद्दाम पुस्तकांत पाहून घ्यावयास लावलें. कारण आरंभींच्या कित्येक प्लेअरांत ती होत नसे.

राहतां राहिल्या सहा वायरी. त्या बाजारांतून आणाव्या म्हणून मीं पिशवी उचलली, तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, थांबा जरा.” त्यांनीं आंतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणला. त्यांत सहा वायरी गुंडाळून ठेविलेल्या होत्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोंकांस जखमेवर लावण्याच्या चिकटपट्टीचा तुकडा, आणि त्यावर दादांच्या बँकेच्या अक्षरांत ‘डावा पुढचा’, ‘मधला’, ‘उजवा मागचा’ असें लिहिलेलें. त्या संगीताच्या चकत्या आज ना उद्यां घेऊं, म्हणून त्यांनीं वायरी आधीं आणून ठेविल्या होत्या. घेण्याचें राहून गेलें.

टी.व्ही.ला चित्राची वायर थेट प्लेअरमधून दिली, सहा वायरी नांवाप्रमाणें लाविल्या, आणि अरण्याची चकती चालूं केली. सर्वजण जमले होते. आवाज स्वच्छ आला, पण अगदींच कृश. आकाशांत वीज चमकली आणि गडगडाट झाला तो डबा वाजविल्यासारखा. पुतण्या कांहीं बोलला नाहीं, पण त्याच्या मनांतलें मला कळलें. तितक्यांत वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तो पक्षी आपल्या डाव्या हातानें मागें गेला, आणि ओरडला उजवीकडे. असें कसें?”

मी पुन्हां पुस्तकाकडे वळलों. डाव्या-उजव्याचा उलगडा लौकर झाला. २०१९ च्या पुरानंतर भिंती रंगविल्या तेव्हां मागचे दोन स्पीकर काढून पुन्हां टांगले होते, आणि त्यांच्या वायरींची अदलाबदल झाली होती. पांच वर्षांहून अधिक काळ ती चूक मुकाट्यानें भिंतीवर टांगलेली होती. यंत्रच मुकें, तेथें ती कोणास कळणार?

गडगडाटाचें कारण अधिक शिकविणारें निघालें. नेहमींच्या वाटेनें आवाज आला, तर लहान स्पीकरांस न झेपणारे खालचे स्वर, बहुधा ८० हर्ट्झच्या आसपासचे आणि त्याखालचे, रिसीव्हर स्वतःच सबवूफरकडे वळवितो. पण या सहा वायरींच्या वाटेनें आलेल्या आवाजास जुने रिसीव्हर बहुधा हात लावीत नाहींत. आला तसा मोठा करून पुढें देतात. तेव्हां हें सारें प्लेअरलाच सांगावें लागतें. त्याच्या सेटिंगमध्यें आमचे स्पीकर ‘मोठे’ असे लिहिलेले होते, म्हणून तो खालचे स्वरहि त्या बिचाऱ्या लहान पेट्यांकडेच पाठवी आणि ते तेथेंच गतप्राण होत. स्पीकर ‘लहान’ म्हणून सांगतांच ते स्वर सबवूफरकडे वळले. शिवाय चित्रपटांतील त्या सहाव्या, अपुऱ्या मार्गाचा आवाज चकतीवर १० डेसिबल खालच्या पातळीवर नोंदलेला असतो आणि ऐकतांना तितका वाढवून घ्यावयाचा असतो. वायरींच्या वाटेनें कित्येक यंत्रांत ही वाढ आपोआप होत नाहीं. ती हातानें करावी लागते. आमच्यांत ती करावी लागली.

मग प्लेअरनें विचारलें अंतर. प्रत्येक स्पीकर ऐकणाराच्या जागेपासून किती दूर? आवाज सेकंदास सुमारें ३४३ मीटर, म्हणजे सव्वाअकराशें फूट धांवतो. म्हणून एक फुटाला त्यास जवळजवळ एक सहस्रांश सेकंद लागतो. मागचा स्पीकर पुढच्यापेक्षां चार-पांच फूट जवळ असेल, तर त्याचा आवाज चार-पांच सहस्रांश आधीं कानीं येतो व सगळा मेळ बिघडतो. अंतर सांगितलें, कीं यंत्र जवळच्या आवाजास तितका वेळ थोपवून धरतें, म्हणजे पंक्तींत सर्व पानें एकदमच वाढलीं जातात.

मी मोजपट्टी शोधूं लागलों. वहिनी पुन्हां उठल्या आणि या खेपेस त्यांनीं दादांची हिशेबाची वही आणली. २००५ च्या दिवाळीच्या पानावर दूध व फराळाच्या हिशेबाखालीं लिहिलें होतें:

डावा पुढचा ९ फूट ४ इंच. मधला ८ फूट १० इंच. उजवा पुढचा ९ फूट ६ इंच. मागचे ५ फूट २ इंच व ४ फूट ११ इंच. सर्व मापें बाळच्या खुर्चीपासून.

घरांत मला बाळ म्हणणारे दादा तेवढे एकटेच उरले होते. मीं तें वाक्य दोनदां वाचलें. खुर्ची अजून त्याच खिडकीजवळ आहे; तिच्या चार पायांच्या खुणा शहाबादी फरशीवर पडल्या आहेत. दादा स्वतः भिंतीजवळच्या दिवाणावर बसत, एका कोंपऱ्यांत, जेथें कोणताच आवाज धड पोंचत नाहीं.

वहिनी सहज बोलाव्या तसें बोलल्या, “त्यांना वाटायचें, एखाद्या दिवशीं तुम्ही पेपर घेऊन वर न जातां इथेंच बसाल. म्हणून खुर्ची कधीं हलवूं दिली नाहीं त्यांनीं.”

मी आंकडे प्लेअरमध्यें घातले. पुतण्यानें माझ्या हातांतून रिमोट हळूच काढून घेतला आणि म्हणाला, “काका, तुम्ही बसा. मी लावतों.” मग अरण्यांत पाऊस सुरू झाला. आधीं दूर, मग पानांवर, मग आमच्या पाठीमागें; आणि गडगडाट झाला तेव्हां कपाटांतील फुलपात्रें किणकिणलीं. वहिनी डोळे मिटून ऐकत होत्या. पावसाच्या आवाजानें आमच्या घरांत आजवर भीतीच वाटत आली आहे; त्या संध्याकाळीं पुष्कळ वर्षांनीं तो नुसता ऐकण्यासाठीं ऐकला.

आतां एक गोष्ट प्रामाणिकपणें नमूद केली पाहिजे. दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें माझी परीक्षा घेतली. चकती एकच, कधीं ऑप्टिकल वायर, कधीं सहा वायरी, दोहोंचा मोठेपणा मोबाइलवर मोजून सारखा केलेला, कारण जरा मोठा असेल तोच आवाज मनुष्यास चांगला वाटतो. मी डोळे मिटून सांगावयाचें, सारांश कोणता आणि मूळ कोणतें. दहांपैकीं सहा वेळां माझें उत्तर बरोबर आलें. नाणें उडवूनहि पांच येतातच! वाढत्या वयाबरोबर कानाचे वरचे स्वर प्रथम जातात, हें खरें. पण पुतण्याचीं उत्तरेंहि सातांच्या वर गेलीं नाहींत. उलट स्पीकर लहान कीं मोठे, अंतरें बरोबर कीं चूक, हा फरक मात्र मला दहांपैकीं दहा वेळां ओळखतां आला. यावरून मीं माझ्यापुरता निष्कर्ष काढला तो असा: चकतीवरील उच्च दर्जाची चिंता करण्यापूर्वीं मनुष्यानें मोजपट्टी घेऊन खोली मोजावी. दादांनीं तें वीस वर्षांपूर्वींच केलें होतें.

ज्या वाचकांच्या घरीं असें यंत्र असेल त्यांनीं तें टाकण्यापूर्वीं पाठीमागें एकदां पाहावें. एचडीएमआयचें तोंड असेल, पण यंत्र २००६ सालच्या १.३ आवृत्तीच्या आधींचें असेल, तरी निराश होऊं नये. तें त्या वाटेनें आवाज घेत असेल तर प्लेअरच्या सेटिंगमध्यें ‘बिटस्ट्रीम’ काढून ‘पीसीएम’ करावें. म्हणजे फोड प्लेअर करतो आणि पूर्ण अंक रिसीव्हरकडे जातात. ट्रूएचडीचीं अक्षरें तोंडावर उमटणार नाहींत, पण आवाजांत उणें कांहीं राहत नाहीं. कांहीं जुन्या यंत्रांत मात्र एचडीएमआय फक्त चित्र पुढें पाठवितें, आवाजास शिवत नाहीं. तेथें तें नसल्यासारखेंच समजावें. सहा भोंकें असतील तर आम्ही केलें तें करावें. यांतलें कांहींच नसेल तर ऑप्टिकल वायरीवर समाधान मानावें. डीटीएसचा गाभा सेकंदास पंधरा लक्ष अंकांपर्यंत असतो, आणि माझ्या परीक्षेचा निकाल वर दिलाच आहे. ज्यांच्या घरीं चकत्या नाहींत, सारें इंटरनेटवरूनच पाहतात, त्यांनीं हा खटाटोप करूं नये; तो आवाज बहुतेक संक्षिप्तच येतो. तसेंच छतावरून आवाज आणणारी डॉल्बी ॲटमॉस ही पद्धति, जी घरांत २०१४ पासून आली, ती या जुन्या यंत्रांतून मिळावयाची नाहीं. त्याची आम्हांस खंत नाहीं. आमचें छत दोनदां पूर पाहिलेल्या घराचें आहे, त्यास भोंकें पाडण्याची कोणाची छाती नाहीं.

असो. नवा रिसीव्हर घेण्याचा बेत पुतण्यानें सोडून दिला आहे. षण्मुख वीस वर्षांचा झाला. त्यांतील एखादा भाग आज ना उद्यां निकामी होईल, असें माझा विद्यार्थी बजावून गेला आहे, आणि तसें झालें तर तो यंत्र खोलून पाहणार आहे. तोंपर्यंत रविवारीं संध्याकाळीं आम्ही सर्वजण खालीं बसतों. वर्तमानपत्र मी आतां सकाळींच वाचून संपवितों.